उगमापासून समुद्रापर्यंत ऱ्हाईन: दोघी जणी, एकोणीस दिवस आणि साध्या गाड्या

सांगलीत राहणाऱ्या माणसाला नदीची पातळी विचारायची सवय असते. पावसाळ्यात सकाळी चहाच्या आधी आयर्विन पुलाचा आकडा. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका. २०१९च्या ऑगस्टात तो ५७च्या वर गेला आणि तळमजल्यावरच्या कपाटातले कपडे आम्ही पुढे दोन आठवडे गच्चीत वाळवत होतो. त्यामुळे नेदरलँड्समधल्या डेल्फ्टहून मुलगी म्हणाली, "आई, आता रिटायर झालीस, एकदा युरोप बघून जा," तेव्हा मी तिला सांगितलं, आठ दिवसांत आठ राजधान्या नकोत. एकच नदी दाखव, पण अख्खी.

सोबत आल्या वन्सं. माझ्या थोरल्या नणंद. वय ६७, शाळेत ३० वर्षं भूगोल शिकवलेला, डावा गुडघा कुरकुरणारा. "ऱ्हाईन नदीची लांबी १३२० किलोमीटर" हे त्यांनी किती फळ्यांवर लिहिलं असेल त्याची गणती नाही. आणि निघायच्या आधी माझ्याच हातून त्यांना कळलं की तो आकडा चूक आहे. २०१० साली कोलोन विद्यापीठातल्या एका जीवशास्त्रज्ञाच्या लक्षात आलं की जुन्या पुस्तकांत ही लांबी १२३०च्या आसपास दिलेली आहे. विसाव्या शतकात कधीतरी २ आणि ३ची अदलाबदल झाली असावी, आणि मग कोशांतून क्रमिक पुस्तकांपर्यंत सगळ्यांनी एकमेकांचं बघून १३२० उतरवलं. "किती पोरांचे मार्क कापले मी," एवढंच वन्सं म्हणाल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत नीट.

आम्ही गेलो २०२५च्या सप्टेंबरात, गणपती विसर्जन झाल्यावर दुसऱ्याच दिवशी. "पितृपक्षात कुठं निघालात?" असं शेजारणीनं हटकलं, तर वन्सं म्हणाल्या, "पितरांना कुठं पासपोर्ट लागतो? येतील मागनं." पण महिना ठरवताना खरं गणित असं: उगमाच्या वाटेवर जूनच्या मध्यापर्यंत बर्फ असू शकतं, आणि ऑक्टोबरात सरोवरावरच्या आणि नदीवरच्या प्रवासी बोटी एकेक करून बंद होतात. जुलै-ऑगस्टात गर्दी. म्हणून सप्टेंबर.

पहिली गोष्ट, क्रूझ नको. बासेल ते ॲमस्टरडॅम आठवड्याभराच्या क्रूझ असतात आणि आपल्याकडच्या टूर कंपन्या त्या विकतात. पण मोठ्या बोटी बासेलच्या परिसराच्या वर जातच नाहीत. म्हणजे डोंगरातली, दरीतली, सरोवरातली, धबधब्यातली नदी तुम्ही पाहिलेलीच नसते. सायकल येत असेल तर उगमापासून समुद्रापर्यंत आखलेला सायकलमार्ग आहे, युरोव्हेलो १५. तरुण असते तर तोच धरला असता. आमच्यासारख्यांनी काठाकाठानं जाणाऱ्या साध्या लोकल गाड्या, अधूनमधून बोट, आणि सुरुवातीला नि शेवटी थोडं चालणं, असं करावं.

विमान जाताना झुरिकचं आणि परतीचं ॲमस्टरडॅमचं घ्या. एकाच शहराचं येण्याजाण्याचं तिकीट काढलं की शेवटी उलटा सगळा प्रवास नुसता परतण्यासाठी करावा लागतो. व्हिसा एकच, शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणारा. वाटेत स्वित्झर्लंड, लिख्टेनश्टाइन, ऑस्ट्रिया, जर्मनी, फ्रान्स, नेदरलँड्स असे सहा देश लागतात आणि सहाही शेंगेनमध्ये आहेत. अर्ज कुठल्या देशाकडे करायचा याचा नियम सोपा आहे: जिथं सगळ्यात जास्त मुक्काम, तिथं. नदीचा प्रवास संपल्यावर आम्ही मुलीकडे तीन आठवडे राहणार होतो म्हणून आमचा अर्ज नेदरलँड्सकडे गेला. नुसती नदीच करणार असाल तर रात्री मोजा, बहुधा जर्मनी येईल. फी ९० युरो, आणि निदान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटच्या पंधरा दिवसांवर ठेवू नका.

तिकिटांचं दोन भागांत बघा. स्वित्झर्लंडमध्ये हाफ फेअर कार्ड घ्या, महिनाभर जवळजवळ सगळ्या गाड्या आणि बऱ्याच बोटी निम्म्या भाड्यात पडतात. जर्मनीत डॉइचलांडटिकेट. आम्ही गेलो तेव्हा महिन्याला ५८ युरो, आणि त्यात देशभरच्या सगळ्या प्रादेशिक गाड्या, ट्राम, बस. वेगवान आयसीई मात्र नाही, आणि नदीकाठाला तिची गरजही नाही. यात दोन मेख आहेत. हे तिकीट कॅलेंडरच्या महिन्याचं असतं, २० तारखेला घेतलं तरी ३०ला संपतं. आणि ते वर्गणीचं आहे, म्हणजे त्या महिन्याच्या १० तारखेच्या आत रद्द केलं नाही तर पुढच्या महिन्याचे पैसे कापले जातात. हे काम मुलीवर सोपवलं होतं. तिनं फोनवर गजर लावला होता.

सामान एकेक पाठपिशवी आणि एक छोटी चाकांची बॅग. खाण्यात भडंग, मेतकूट, पोहे. पेढे नेऊ नका, दुधाचे नि मांसाचे पदार्थ बाहेरून आणायला युरोपात बंदी आहे. मुलीसाठी घेतलेले अर्धा किलो पेढे मुंबईला टॅक्सीवाल्याच्या घरी पोचले.

लाल दीपस्तंभापासून

झुरिकहून आंडरमाट गाठा आणि तिथं दोन रात्री राहा. गाव साडेचौदाशे मीटरच्या आसपास आहे, शरीराला जरा सवय होते. तिथून लाल रंगाची छोटी गाडी दातेरी रुळावरून चढत ओबरआल्प खिंडीत जाते, उंची २०४४ मीटर. स्टेशनवर उतरलात की समोर एक लाल दीपस्तंभ दिसेल. डोंगरात, नदीच्या वाटेनं समुद्रापासून हजारावर किलोमीटर लांब, दीपस्तंभ! नदी जिथं समुद्राला मिळते त्या हूक फान हॉलंडच्या जुन्या दीपस्तंभाची ती छोटी प्रतिकृती आहे. त्याचा फोटो काढून ठेवा, पुढे कामाला येईल.

उगम म्हणजे टोमाझे नावाचं तळं, तिथल्या रोमान्श भाषेत लाइ दा तुमा. उंची २३४५ मीटर. खिंडीपासून पाट्यांवर दीड तास लिहिलेलं असतं. तो दीड तास स्विस माणसाचा. आम्हाला अडीच लागले. वाट दगडांची आहे, खडकांवर लाल-पांढऱ्या रंगाच्या खुणा, शेवटचा चढ अंगावर येणारा. घोट्याच्या वर येणारे बूट हवेत, चपला-सँडल नको, आणि गुडघ्याचा त्रास असेल तर दोन काठ्या. दुपारनंतर ढग येतात म्हणून सकाळच्या पहिल्या-दुसऱ्या गाडीनं चढा. वन्सं मध्ये दोनदा बसल्या, "तू जा, मी इथनंच नमस्कार करते," असं म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा उठल्या.

वर पोचल्यावर तळं आहे, निळं-हिरवं, चहूबाजूंनी डोंगर. आणि त्याच्या एका कडेनं हातभर रुंद पाणी बाहेर पडतंय. तेवढंच. गोमुख नाही, देऊळ नाही, नारळवाला नाही. महाबळेश्वरला कृष्णेचं पाणी दगडी गोमुखातून येताना आपण हात जोडतो, इथं कुणी हात जोडत नाही. दोन जर्मन मुलं पाण्यात पाय सोडून सँडविच खात होती. वन्सं त्या ओहळाच्या दोन्ही तीरांवर एकेक पाय ठेवून उभ्या राहिल्या. हा फोटो चुकवू नका, पुढे कुठंच तो काढता येत नाही.

खिंडीतून डिझेंटिसला उतरा. तिथं आठव्या शतकापासूनचा बेनेडिक्टाइन मठ आहे. मग गाडी बदलून कूरच्या दिशेनं. हा टप्पा दिवसाउजेडी करा. इलान्झच्या पुढे गाडी रुइनाउल्टा नावाच्या दरीत शिरते. सुमारे दहा हजार वर्षांपूर्वी फ्लिम्सजवळ अख्खा डोंगर कोसळला आणि नदी अडली, मग तिनं त्या ढिगातून वाट कोरली. दोन्ही बाजूंना पांढरट कडे, मध्ये हिरवं पाणी, रस्ता दिसत नाही, फक्त रूळ. फेरसाम-साफिएनला उतरा, तासाभरानं पुढची गाडी येते. स्टेशन पाण्याच्या अगदी जवळ आहे, राफ्टवाले जाताना दिसतात. महागड्या ग्लेशियर एक्स्प्रेसचं तिकीट काढू नका. तीही याच रुळावरून जाते, पण मध्ये हवं तिथं उतरू देत नाही.

कूरच्या अलीकडे राइखेनाउ-टामिन्स. पश्चिमेकडून येणारी फोर्डरऱ्हाईन आणि दक्षिणेकडून येणारी हिंटरऱ्हाईन इथं मिळतात आणि मग नुसती ऱ्हाईन होते. स्टेशनपासून थोडंच चालायचं. कराडच्या प्रीतिसंगमाला कृष्णा नि कोयना समोरासमोर येऊन भिडतात, इथं तसं काही नाट्य नाही. वन्सं मात्र अर्धा तास हलल्या नाहीत. त्यांना फळ्यावरचा नकाशा जमिनीवर दिसत होता.

लिख्टेनश्टाइनसाठी झारगान्सहून बस मिळते आणि तीन तास पुरेत. लोक फाडुझच्या मुख्य रस्त्यावर फिरून जातात. तुम्ही नदीकडे चालत जा. तिथं १९०१चा लाकडी, छप्पर असलेला पूल आहे, अर्ध्यात स्वित्झर्लंडची हद्द लागते. दोन्ही तीरांना उंच बांध आहेत. १९२७च्या सप्टेंबरात असाच बांध फुटून खालच्या गावांत पाणी शिरलं होतं. असं वाचलं की मी आपोआप घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ शोधते.

पुढे फेल्डकिर्ख, ब्रेगेन्झ, म्हणजे ऑस्ट्रिया. एक रात्र. सकाळच्या बोटीनं बोडेनझे सरोवर ओलांडून कॉन्स्टान्स. अर्धा दिवस जातो, जाऊ द्या. डोंगरातला गाळ घेऊन राखाडी झालेली नदी या २५१ मीटर खोल सरोवरात शिरते, गाळ तिथंच टाकते आणि कॉन्स्टान्सला काचेसारखी बाहेर पडते. दोन्ही टोकं बघितल्याशिवाय हे पटत नाही.

आकड्यांच्या पाट्या

कॉन्स्टान्सच्या जुन्या ऱ्हाईन पुलावर आलात की तुमचा शून्य किलोमीटर. जहाजांसाठी नदीची मोजणी उगमापासून नाही, इथून सुरू होते, आणि पार हूक फान हॉलंडला १०३६वर संपते. काठावर पांढऱ्या पाट्यांवर मोठे काळे आकडे असतात. हा प्रवास करायचा तर वहीत हे आकडे लिहीत जा, असा माझा सल्ला. शहरांची नावं विसरतात, आकडे धरून ठेवतात. आमची वही: बासेलला तीन देश मिळतात तिथं १७०च्या आसपास, माइन्झ ४९८, लोरेलाय ५५४, कोब्लेन्झ ५९२, कोलोन ६८८.

कॉन्स्टान्सहून शाफहाउझेनपर्यंत बोटीनंच जा. मध्ये श्टाइन आम ऱ्हाईनला घरांच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत. पाणी कमी झालं तर ही बोट अर्ध्यातून जाते किंवा रद्द होते, आदल्या दिवशी चौकशी करा. शाफहाउझेनजवळचा धबधबा १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. नायगारा डोक्यात ठेवून गेलात तर हिरमोड होईल. नॉइहाउझेनच्या बाजूनं बघायला पैसे पडत नाहीत, लाउफेन किल्ल्याच्या बाजूनं पडतात. पण तिथल्या सज्जात पाणी अंगावर येतं, ते पैसे वसूल.

बासेलला दोन रात्री राहा. हॉटेलात उतरलात की शहरातल्या ट्राम-बसचं कार्ड फुकट मिळतं. इथं बघायचं म्हणजे पाण्यावरच्या चार छोट्या होड्या. इंजिन नाही, वल्हं नाही. नदीवर आडवी तार, तिला होडी दोरानं बांधलेली, नावाडी सुकाणू तिरकं करतो आणि प्रवाहच होडीला पलीकडे ढकलतो. वन्सं चार वेळा इकडून तिकडे झाल्या. संध्याकाळी ऑफिस सुटल्यावर लोक कपडे माशाच्या आकाराच्या जलरोधक पिशवीत कोंबतात आणि नदीत उडी टाकून प्रवाहाबरोबर घरी जातात, ही थाप नाही. पट्टीचे पोहणारे असाल तरच उतरा, आणि फक्त क्लाइनबासेलच्या काठानं. आम्ही पायऱ्यांवर बसून बघितलं. पिशवी मात्र विकत घेतली, आता तिच्यात भडंग असतं.

याच बासेलच्या वरच्या अंगाला, श्वाइत्झरहालेत, १ नोव्हेंबर १९८६ला रसायनांच्या गोदामाला आग लागली. विझवायला मारलेलं पाणी कीटकनाशकांसकट नदीत गेलं, नदी लाल झाली आणि खाली लांबपर्यंत ईल मासे मेले. त्यानंतर काठच्या देशांनी नदी साफ करायचा कार्यक्रम हाती घेतला. कृष्णेत पालथे पडलेले मासे आम्ही पाहिलेले आहेत, म्हणून त्या पोहणाऱ्यांकडे बघताना मला नुसती मजा वाटली नाही.

बासेल ते माइन्झ हा टप्पा मी उरकेन म्हणते. एकोणिसाव्या शतकात, १८१७पासून, टुला नावाच्या अभियंत्यानं इथली वळणं कापून नदी सरळ केली. बासेल ते वोर्म्समध्ये ती ८१ किलोमीटरनं आखूड झाली. सरळ नदी बघायला सपाट लागते, गाडीतून दिसतही नाही फारशी. स्ट्रासबुर्गला एक रात्र जरूर: जर्मनीतल्या केलहून ट्रामनं नदी ओलांडून फ्रान्समध्ये जाता येतं, आणि येताना पायी पुलावरून या. श्पायरचं चर्च गाडी बदलताना बघून होतं.

बाखाराख, आणि माझी चूक

बिंगेन ते कोब्लेन्झ हे ६५ किलोमीटर म्हणजे फोटोत दिसते ती ऱ्हाईन. उतारावर द्राक्षमळे, प्रत्येक वळणावर किल्ला, २००२पासून जागतिक वारसा यादीत. इथं तीन रात्री द्या, आणि कोब्लेन्झसारख्या शहरात न राहता बाखाराखसारख्या गावात राहा. गावाच्या डोक्यावर श्टालेक किल्ला आहे आणि त्यात चक्क युवा वसतिगृह चालतं, किल्ल्यात झोपायचं आणि तेही परवडणाऱ्या दरात. पण वर जायच्या पायऱ्या बघून आम्ही खालीच खोली घेतली. गुडघे शाबूत असतील त्यांनी वर जावं.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. या भागात नदीच्या दोन्ही काठांनी रेल्वे आहे, पण माइन्झ ते कोब्लेन्झमध्ये नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर फेरी. कोब्लेन्झहून संध्याकाळी परतताना मी "बिंगेनच्या बाजूची" म्हणून समोर आलेल्या गाडीत वन्संना घेऊन चढले. ती उजव्या काठाची होती. बाखाराख डाव्या काठावर. काउबला उतरलो तर नदीच्या मधोमध फाल्झग्राफेनश्टाइनचा पांढरा किल्ला नावेसारखा उभा, आणि आमची खोली पलीकडे. फेरी चालू होती म्हणून वाचलो. उतरल्यावर नदीच्या कडेनं दोन-अडीच किलोमीटर अंधारात चालणं. वन्सं एक शब्द बोलल्या नाहीत, आणि ते जास्त लागलं. तेव्हा लक्षात ठेवा: डाव्या काठाची गाडी आरबी २६, उजव्या काठाची आरबी १०. फलाटावर गावाचं नाव नाही, आकडा वाचा. आणि शेवटची फेरी किती वाजता ते सकाळीच विचारून ठेवा.

चुकून का होईना, काउब बघितलं ते बरं झालं. तिथं नदीची पातळी मोजायची जागा आहे, पेगल म्हणतात. ऱ्हाईनवरच्या मालवाहतुकीचा सगळा हिशेब या एका आकड्यावर, कारण नदी इथं उथळ आहे. किती माल भरायचा ते बोटीवाले काउबची पातळी बघून ठरवतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिथला आकडा २५ सेंटिमीटरवर आला होता. याचा अर्थ पाणी वीतभर असा नाही. पट्टीचा शून्य तळाला नसतो, बोटींच्या वाटेत त्याहून मीटरभर तरी जास्त पाणी असतं. पण बोटी जवळजवळ रिकाम्या न्याव्या लागल्या. आम्ही आकडा वर जाऊ नये म्हणून देव पाण्यात ठेवतो, हे लोक तो खाली जाऊ नये म्हणून.

लोरेलायबद्दल ऐकून गेलात तर सांगते: १३२ मीटरचा खडक आहे. जर्मन कवी हाइनेनं १८२४ साली त्यावरच्या, केस विंचरणाऱ्या बाईची कविता लिहिली आणि तेव्हापासून लोक मान वर करतात. मला जास्त आवडल्या त्या खालून जाणाऱ्या मालबोटी. बोटीच्या उजव्या अंगाला कधीकधी निळी फळी उघडते आणि मध्ये पांढरा दिवा लुकलुकतो. समोरच्याला सांगणं असतं, आपण उजव्या अंगानं एकमेकींना ओलांडू. अवघड वळणावर नदीवरचा नेहमीचा नियम असा उलटा करतात. बाकावर बसून हे बघण्यात आमची एक अख्खी दुपार गेली.

द्राक्षमळ्यांत तासगावच्या बाया आठवल्या. आपल्याकडे मांडव, सावलीत उभं राहून कापणी. इथं पाटीच्या दगडाचा खडा उतार, आणि तिथं माणसं हातानं तोडतात.

खाण्याचं म्हणाल तर शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण विचारावं लागतं. फ्लामकुखनवर, म्हणजे पातळ भाजलेल्या पोळीवर, डुकराच्या मांसाचे तुकडे असतात, बिनमांसाची मागा. अंडं चालत असेल तर चीज घातलेल्या श्पेट्सले, म्हणजे जाड शेवया. कोलोनला राइबेकुखन मिळतात, किसलेल्या बटाट्याचे तळलेले, बरोबर सफरचंदाचा गोड गर. उपासाच्या बटाट्याच्या थालीपिठाला साखर लावून खाल्ल्यासारखं, म्हणजे आम्हाला ओळखीचं. जर्मनीत रविवारी दुकानं बंद, शनिवारी दूध-ब्रेड घेऊन ठेवा. पाण्याची बाटली टाकू नका, बहुतेकींवर २५ सेंट अनामत असते, सुपरमार्केटातल्या यंत्रात घातली की परत मिळते. मोठ्या स्टेशनांवर शौचालयाला एक युरो पडतो, सुटी नाणी ठेवा.

कोलोन आणि पुढे

कोलोन म्हणजे तेच, लहानपणी ताप आला की कपाळावर ज्याच्या घड्या ठेवत ते युडीकोलोन. १७०९पासून तिथं बनतंय. चर्चचं बांधकाम १२४८ साली सुरू होऊन १८८०ला पुरं झालं. मनोऱ्याला ५३३ पायऱ्या आहेत. मी एकटी चढले, वन्सं खाली बसून भडंग खात होत्या.

पण मला कोलोनला बघायचा होता तो नदीकाठचा पातळीचा मनोरा. त्याला घड्याळासारखी तबकडी आहे, लहान काटा मीटर दाखवतो, मोठा काटा दशांश. जानेवारी १९९५ मध्ये इथं १०.६९ मीटर पाणी होतं, १९९३च्या डिसेंबरात १०.६३. तेरा महिन्यांत दोनदा. टुलानं वर नदी सरळ केली त्याचीही थोडी किंमत खाली अशी चुकवावी लागते, पाणी लवकर येतं. आता पूर आला की जुन्या शहरापुढे काढघाल करता येणाऱ्या भिंती उभ्या करतात.

ड्युसेलडॉर्फ, ड्युइसबुर्ग गाडीतून बघा. एमेरिखला झुलता पूल आहे, ८०० मीटर लांब. तिथून सीमेपलीकडचं तिकीट वेगळं काढून आर्नहेम आणि नायमेखेन. इथं भूगोलाच्या बाईंची परीक्षा असते. नेदरलँड्समध्ये शिरल्यावर नदी फुटते, दोनतृतीयांश पाणी वाल नावाच्या फाट्यात जातं, बाकीच्याची नेडररेन आणि आयसेल होते. ऱ्हाईन हे जुनं नाव ज्या फाट्याला चिकटून राहिलं तो आउडे रेन एक लहान कालव्यासारखा होऊन काटवाइकला समुद्राला मिळतो. मग खरं मुख कुठलं? वाद घालू नका, पाणी जास्त ते मुख. वालच्या काठानं जा.

नायमेखेनला एक पूर्ण दिवस ठेवा. कुठल्याच टूरमध्ये हे नाव नसतं. १९९५ मध्ये या नद्यांच्या काठचे अडीच लाख लोक हलवावे लागले होते. त्यानंतर डच लोकांनी बांध नुसता उंच केला नाही. पलीकडच्या लेंटच्या बाजूला, जिथं नदी अरुंद होत होती, तिथं बांध ३५० मीटर मागे नेला, ५०च्या आसपास घरं उठवली आणि नदीला शेजारून दुसरा फाटा खणून दिला. आता तिथं पोरं वाळूत खेळतात आणि पूर आला की ती जागा नदीची. मी त्या मागे नेलेल्या बांधावर चालत गेले आणि आले. ज्यांची घरं गेली त्यांना काय वाटलं असेल हे माझ्या मनातून जात नव्हतं. आणि आमच्याकडे पूररेषेच्या आत अजून पाया खणतात, तेही. वन्सं म्हणाल्या, "तू आता गप्प बस जरा, चहा पी."

डोर्ड्रेख्तपर्यंत ट्रेन, आणि पुढे रॉटरडॅमला वॉटरबसनं. ही शहराची साधी बोटबस, बँकेचं कार्ड टॅप करून चढायचं नि उतरताना परत टॅप करायचं. वाटेत किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या लागतात, फाटा मारून बघा. रॉटरडॅमला भूक लागली तर सुरिनामी रोटीची दुकानं शोधा. १८७३पासून कलकत्त्याहून सुरिनामच्या, म्हणजे तेव्हाच्या डच वसाहतीतल्या, ऊसमळ्यांवर नेलेल्या मजुरांची ही पोरं-नातवंडं, आता इथली. त्यांची डाळ भरलेली पोळी हातात घेतली आणि तेवीस दिवस घराबाहेर असल्याचं (झुरिकच्या आधीचे मुंबईतले आणि मधल्या विश्रांतीचे धरून) एकदम जाणवलं.

रॉटरडॅमच्या ल्यूफेहाफन बंदरात एक लाल दीपस्तंभ उभा आहे. ओबरआल्पचा फोटो आता बाहेर काढा. ज्याची ती प्रतिकृती, तो हा, हूकहून उचलून इथं आणलेला.

शेवटचा टप्पा मेट्रोचा. बी लाइन थेट हूक फान हॉलंडच्या वाळूपर्यंत जाते, स्टेशनाचं नावच स्ट्रांड, म्हणजे समुद्रकिनारा. वाटेत मास्लांटकेरिंग आहे, समुद्राचं उधाण अडवायचे दोन दरवाजे, एकेक २१० मीटर लांब. १९९७पासून आहेत, आणि डिसेंबर २०२३च्या वादळात ते आपोआप मिटले होते. मुलीनं गाडीनं नेलं म्हणून आम्हाला बघता आलं, नाहीतर सायकल बरी.

जाकीट, कानटोपी घेऊन जा, सप्टेंबरातही वारा माणूस ढकलतो. धक्क्यावर चालत टोकाकडे जाता येतं, डाव्या हाताला डोंगराएवढी जहाजं नदीत शिरत असतात. वन्संनी वॉटरबसच्या नकाशाच्या पाठीवर हिशेब मांडला: मोजणी संपते १०३६ला, उगमापासून कॉन्स्टान्सच्या पुलापर्यंत धरा १९५. बेरीज १२३१. त्याखाली दोन रेघा मारल्या, कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि म्हणाल्या, "शाळेत नेऊन देते. नवीन बाई आल्यात भूगोलाला."

धक्क्याजवळ बटाट्याच्या फ्राइज मिळतात. घेतल्यात तर कोन हातानं झाकून धरा. सीगल पाठीमागून येतात.